वाचकांचे प्रश्न : उत्पन्न वाढले की कारखान्यांचे प्रदूषण आपोआप घटते का?

या वेळच्या टपालातील बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. देश श्रीमंत होत गेले की त्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी घाण कमी होते, असे म्हणतात. ते खरे आहे का आणि खरे असल्यास ती नेमकी कशामुळे कमी होते, असे या पत्रांतून विचारले आहे. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लांबली आहेत, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यांतच आहे.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या पुस्तकात दरडोई उत्पन्न आणि प्रदूषण यांचा संबंध दाखवणारी डोंगराच्या आकाराची एक रेषा आहे. उत्पन्न वाढते तसे प्रदूषण आधी वाढते, शिखर गाठते आणि मग उतरू लागते. हा नियम मानायचा का?

उत्तर : नियम मानू नये, निरीक्षण मानावे, आणि तेही काही विशिष्ट प्रदूषकांपुरतेच. या रेषेला ‘पर्यावरणीय कुझनेट्स वक्र’ म्हणतात. नाव अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांचे असले, तरी प्रदूषणाविषयीची ही मांडणी त्यांची नव्हे. १९५५ मध्ये त्यांनी उत्पन्नातील विषमतेविषयी असा विचार मांडला होता की, विकासाच्या सुरुवातीला ती वाढते आणि पुढे कमी होते. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना १९९१ मध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराची चर्चा चालू असताना, हवेच्या मोजमापांत तशाच आकाराची रेषा दिसली. १९९५ च्या निबंधात त्यांनी असा निष्कर्ष काढला की, बहुतेक प्रदूषकांच्या बाबतीत दरडोई उत्पन्न ८,००० डॉलरपर्यंत (१९८५ च्या किमतींनुसार) पोहोचण्याआधीच उतार सुरू होतो. हा आकडा पुढे फार लोकप्रिय झाला. ‘आधी श्रीमंत व्हा, मग स्वच्छ व्हा’ असा सल्ला देणाऱ्यांनी तो वारंवार वापरला. स्वतः ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी मात्र हा बदल आपोआप घडतो असे मानण्याला आधार नाही, असे त्याच निबंधात बजावले होते.

अशी रेषा वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पहिली गोष्ट म्हणजे ती बहुधा अनेक देशांच्या एकाच काळातील स्थितीवरून काढलेली असते. आजचा गरीब देश वीस वर्षांनी आजच्या श्रीमंत देशाच्या जागी येईल आणि त्याच वाटेने येईल, हे त्यात गृहीत धरलेले असते, सिद्ध केलेले नसते. दुसरी गोष्ट अशी की, हवेतील प्रदूषकांचे प्रमाण आणि कारखान्यांनी बाहेर टाकलेला एकूण भार या दोन वेगळ्या राशी आहेत. कारखाना शहराबाहेर गेला किंवा त्याचे धुराडे उंच केले, तर शहरातील मापकावरचा आकडा खाली येतो, पण बाहेर पडणारा वायू तेवढाच राहतो.

म्हणून रेषेच्या आकारावर वाद घालण्यापेक्षा तिच्या आत काय चालले आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकाराखेरीज त्याच्या कारखान्यांचे एकूण प्रदूषण तीन गोष्टींवर ठरते. देशाच्या एकूण उत्पादनात कारखानदारीचा वाटा किती, हा पहिला प्रश्न. त्या कारखानदारीत पोलाद, सिमेंट, कागद, रसायने, चामडे यांसारखे जास्त घाण करणारे उद्योग किती आणि यंत्रजोडणी किंवा तयार कपड्यांसारखे तुलनेने स्वच्छ उद्योग किती, हा दुसरा. आणि एकेका कारखान्यात तेवढाच माल तयार करताना नळीच्या किंवा धुराड्याच्या टोकाशी किती प्रदूषक बाहेर पडतो, हा तिसरा. या तिसऱ्या गोष्टीला प्रदूषणाची तीव्रता म्हणतात.

जागतिक बँकेतील हेमामाला हेट्टिगे, मुथुकुमार मणी आणि डेव्हिड व्हीलर यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यांच्या सांडपाण्याबाबत ही तिन्ही अंगे वेगवेगळी करून तपासली. मला हे काम या विषयावरील सर्वांत बोलके काम वाटते. डोंगराचा आकार त्यांना फक्त पहिल्या अंगात दिसला. कारखानदारीचा वाटा आधी वाढतो आणि पुढे सेवाक्षेत्र मोठे झाले की घटतो. उद्योगांचे मिश्रण मध्यम उत्पन्नाच्या टप्प्यापर्यंत स्वच्छ होत जाते आणि मग तेथेच स्थिरावते. तिसरे अंग, म्हणजे तीव्रता, मात्र उत्पन्नाबरोबर सतत आणि जोरात खाली येत राहते. तिन्ही अंगे एकत्र केल्यावर डोंगर उरत नाही. एकूण जलप्रदूषण मध्यम उत्पन्नापर्यंत झपाट्याने वाढते आणि त्यानंतर जवळजवळ त्याच पातळीवर राहते. म्हणजे चढ आहे, पठार आहे, उतार नाही.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. प्रदूषण रोखून धरण्याचे मुख्य काम तीव्रतेतील घट करते, म्हणून आपला खरा प्रश्न ‘तीव्रता कशामुळे घटते’ असा असायला हवा. दुसरे म्हणजे, उत्पादनाची वाढ आणि तीव्रतेतील घट यांची शर्यत नुसती बरोबरीत सुटली, तरी नदीत जाणारी घाण जेवढी होती तेवढीच राहते. दर टनामागचा आकडा निम्मा झाल्याचा अहवाल वाचताना टन दुप्पट झाले का, हेही विचारायला हवे.

उत्पन्न हे स्वतः कारण नसल्याचा आणखी एक पुरावा इतिहासातच आहे. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंड यांच्या सीमा जेथे मिळत होत्या, त्या पट्ट्याला ‘काळा त्रिकोण’ असे नाव पडले होते. तेथील वीजकेंद्रे गंधकयुक्त तपकिरी कोळसा जाळत असत आणि डोंगरांवरील जंगले आम्लपर्जन्याने वाळून गेली होती. हे देश गरीब नव्हते, शिक्षित होते, आणि प्रदूषणाविरुद्धचे कायदेही कागदावर होते. परंतु ऊर्जा अतिस्वस्त होती, कारखान्याचा मालक आणि त्याच्यावर देखरेख करणारा दोघेही एकच शासन होते आणि आजारी पडणाऱ्याला दाद मागण्यासाठी न्यायालय किंवा मोकळे वृत्तपत्र उपलब्ध नव्हते.

प्रश्न : मी रसायन उद्योगात उत्पादन विभाग सांभाळतो. आमच्या व्यवसायात असे मानतात की नवी यंत्रे आली की प्रदूषण आपोआप घटते आणि सरकारी नियम केवळ खर्च वाढवतात. आपल्याला काय वाटते?

उत्तर : आपल्या म्हणण्यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. कच्चा माल आणि इंधन महाग असेल, तर जे वाया जाते ते वाचवण्यात मालकाचा स्वार्थ असतो, आणि नव्या यंत्रांत गळती, राख, न वापरले गेलेले द्रावक हे सारे कमी होते. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्यानंतर अनेक उद्योगांनी ऊर्जेची बचत केली आणि तिच्याबरोबर धूरही घटला. मजुरीचा दर वाढतो तेव्हाही असेच काहीसे घडते. हेट्टिगे आणि सहकाऱ्यांना असे आढळले की, एकेका नगामागे जास्त माणसे लागणारी उत्पादनपद्धती बहुधा जास्त प्रदूषणही करते. मजुरी महागली की ती पद्धती मागे पडते आणि दोन्ही एकदम घटतात.

पण ही बचत जेथे मालकाला परवडते तेथेच थांबते. धुराड्यातून जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला बाजारात भाव नसतो, तो पकडायला मात्र पैसे लागतात. त्याचे नुकसान दुसऱ्याच्या फुप्फुसात आणि दुसऱ्याच्या शेतात होते, म्हणून ते कारखान्याच्या हिशेबवहीत कधीच येत नाही. ते वहीत आणण्यासाठी बाहेरून काहीतरी घडावे लागते. माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म येथे आहे.

आपल्याच क्षेत्रातील एक जुने उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये धुण्याचा सोडा लब्लाँ पद्धतीने तयार होत असे. मिठावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटे आणि तो सरळ हवेत सोडला जाई. आसपासची झाडे वठत, पिके जळत, लोखंडी वस्तू गंजत. विल्यम गॉसेज यांनी हा वायू पाण्यात विरघळवून घेणारा मनोरा १८३६ मध्येच तयार केला होता. म्हणजे तंत्र हाताशी होते, पण त्यानंतरची पंचवीसहून अधिक वर्षे बहुतेक कारखान्यांत ते नीट वापरले गेले नाही. जमीनदारांच्या तक्रारींनंतर लॉर्ड डर्बी यांच्या पुढाकाराने संसदीय चौकशी झाली आणि १८६३ मध्ये अल्कली कायदा आला. या वायूपैकी किमान ९५ टक्के भाग अडवलाच पाहिजे, असे त्यात सांगितले होते. रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ पहिले निरीक्षक झाले आणि वायू खरोखर किती सुटतो, हे मोजणे सुरू झाले. थोड्याच काळात बहुतांश कारखाने मर्यादेच्या आत आले. पुढे काय झाले, ते आपल्यासारख्या उत्पादन सांभाळणाऱ्याने आवर्जून पाहावे. अडवलेल्या आम्लापासून क्लोरीन आणि त्यापासून विरंजक चूर्ण तयार करण्याच्या पद्धती निघाल्या, आणि सॉल्व्हे या नव्या पद्धतीने बनवलेला स्वस्त सोडा बाजारात आल्यावर लब्लाँ कारखान्यांना तगवून धरले ते याच उपपदार्थाने. आधी जे हवेत सोडून दिले जात होते, त्यावरच पुढे धंदा चालला.

पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये मोठ्या वीजकेंद्रांसाठी गंधक-नियंत्रणाची कडक नियमावली आणली, तेव्हाही असेच झाले. काही वर्षांतच केंद्रांच्या धुराड्यांवर गंधक शोषणारी यंत्रणा बसली. चुनखडीच्या साहाय्याने पकडलेल्या गंधकाचे जिप्सम बनते आणि त्याच्या भिंतीच्या पाट्या तयार होऊ लागल्या. प्रत्येक प्रदूषकाचे असे सोने होत नाही, हे मान्य आहे. पण ते होऊ शकते की नाही, याचा शोधही बहुधा सक्ती आल्यावरच सुरू होतो.

आता आकड्यांकडे येऊ. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कारखानदारीचे उत्पादन बरेच वाढले, तरी तिच्यातून होणारे प्रमुख वायुप्रदूषकांचे उत्सर्जन सुमारे ६० टक्क्यांनी घटले. जोसेफ शपिरो आणि रीड वॉकर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या घटीची फोड केली आहे. ही घट मुख्यतः वेगळ्या वस्तू बनवल्याने आलेली नाही, त्याच वस्तू कमी घाण करून बनवल्याने आलेली आहे. आणि तिच्यामागील सर्वांत मोठे कारण व्यापार किंवा उत्पादकतेतील वाढ नसून पर्यावरणविषयक नियम अधिकाधिक कडक होत जाणे हे आहे. प्रदूषणाला जणू कर लागावा तसा या नियमांचा परिणाम होतो असे धरले, तर त्या काळात हा अप्रत्यक्ष कर दुपटीहून अधिक झाला, असे त्यांचे गणित सांगते.

नियम खर्च वाढवतात, ही आपली तक्रार मी बाजूला सारत नाही. प्रदूषणातील पहिला मोठा हिस्सा कमी करणे स्वस्त असते. शेवटचे काही टक्के काढायला मात्र खर्च उभा चढत जातो. म्हणून जुन्या आणि नव्या, लहान आणि मोठ्या साऱ्या कारखान्यांवर एकच काटेकोर टक्केवारी लादली, तर तेवढ्याच स्वच्छतेला समाज जास्त पैसे मोजतो. प्रदूषणाच्या प्रत्येक किलोवर आकार लावणे किंवा एकूण मर्यादा ठरवून उत्सर्जनाचे परवाने खरेदी-विक्रीला खुले करणे, हे मार्ग त्यासाठीच निघाले. अमेरिकेने १९९० च्या कायदादुरुस्तीने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडसाठी असा बाजार उभा केला आणि प्रत्यक्ष खर्च आधीच्या अंदाजांपेक्षा बराच कमी आला. त्यात रेल्वेचा वाटाही होता. रेल्वेवरील दरनियंत्रण सैल झाल्याने पश्चिमेकडील कमी गंधकाचा कोळसा स्वस्तात पोहोचू लागला होता, आणि कोणते यंत्र लावायचे याची सक्ती नसल्यामुळे वीजकेंद्रांना तो वापरता आला.

प्रश्न : श्रीमंत देश स्वच्छ झाले ते आपले घाणेरडे कारखाने गरीब देशांत पाठवून, असे म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : काही उद्योगांबाबत खरे आहे, एकूण चित्राबाबत नाही. अमेरिकेच्या कारखानदारीचा हिशेब आरिक लेव्हिन्सन यांनीही मांडला आहे, आणि प्रदूषणातील घटीपैकी मोठा भाग देशातच वापरलेल्या तंत्रामुळे आला, आयातीकडे वळल्यामुळे आला तो भाग लहान होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. बहुतेक उद्योगांत प्रदूषण-नियंत्रणाचा खर्च एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो, आणि कच्चा माल, बंदर, वीज, कुशल माणसे व ग्राहकांची जवळीक या गोष्टी जागा ठरवण्यात अधिक वजनदार ठरतात.

तरीही अपवाद गंभीर आहेत आणि ते दडपून चालणार नाही. अमेरिकेने २००८ मध्ये हवेतील शिशाची मर्यादा दर घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅमवरून ०.१५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एकदम दशांशावर आणली. त्यानंतर वापरलेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्या वितळवण्यासाठी मेक्सिकोत जाण्याचे प्रमाण वाढले. जेथे माल हलवायला सोपा, तंत्र साधे आणि नियंत्रणाचा खर्च मोठा असतो, तेथे घाण सीमा ओलांडते, आणि शिशाचा परिणाम तर लहान मुलांच्या मेंदूवर होतो. अशा मालाच्या वाहतुकीवर दोन्ही देशांनी एकत्र लक्ष ठेवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. कायदे चांगले असतात, पण तपासणी करणारी यंत्रणा दुबळी असते किंवा विकली जाते. अशा ठिकाणी सामान्य माणसांच्या हातात काय उरते?

उत्तर : बाई, आपण विचारलेली गोष्ट या विषयात सर्वांत कमी लिहिली जाते. सरकारी दबाव हा एकच दबाव नसतो. कारखान्याशेजारी राहणारे लोक, त्याला कर्ज देणारी बँक, त्याचा माल घेणारा ग्राहक आणि त्याच्या समभागांचा बाजार हे सारे त्याच्यावर दबाव आणू शकतात. अट एवढीच की, तो कारखाना नेमके काय बाहेर टाकतो, हे त्यांना कळले पाहिजे.

इंडोनेशियाने १९९५ मध्ये नेमके हेच करून पाहिले. तपासणीची माणसे कमी होती, न्यायालये संथ होती आणि दंड क्वचितच वसूल होत असे. म्हणून तेथील पर्यावरण विभागाने कारखान्यांना रंग द्यायचे ठरवले. असामान्य कामगिरीला सोनेरी, नियमापेक्षा चांगल्या कामगिरीला हिरवा, नियम पाळणाऱ्याला निळा, प्रयत्न असूनही कमी पडणाऱ्याला लाल आणि काहीच न करणाऱ्याला काळा. ‘प्रोपर’ नावाच्या या योजनेत सुरुवातीला १८७ कारखाने होते आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नियमात बसत नव्हते. चांगल्या कारखान्यांची नावे आधी जाहीर झाली आणि उरलेल्यांना सुधारण्यासाठी काही महिन्यांची मुदत मिळाली. सांख्यिकीचे जाणकार नसलेल्या माणसालाही रंग कळतो. वृत्तपत्रांनी ते छापले आणि नियम पाळणाऱ्यांचे प्रमाण दंडाची पावती न फाडता वाढू लागले. पुढे इतर देशांनीही या धर्तीवर योजना आखल्या.

अमेरिकेतील विषारी द्रव्यांच्या उत्सर्जनाची नोंदवहीही याच विचाराची आहे. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या दुर्घटनेनंतर तेथे १९८६ मध्ये कायदा झाला आणि कोणते विषारी द्रव्य किती सोडले, याचे आकडे कारखान्यांनी दरवर्षी द्यावेत, असे ठरले. द्रव्य सोडण्यावर त्या कायद्याने बंदी घातली नव्हती. पण आकडे प्रसिद्ध झाल्यावर अनेक कंपन्यांच्या वरिष्ठांना आपलाच कारखाना किती माल हवेत उडवतो, हे प्रथमच समजले.

मात्र माहिती खोटी असेल, तर हे सारे कोसळते. गुजरातमध्ये कारखान्यांची तपासणी करणारे खासगी लेखापरीक्षक कारखान्यानेच निवडायचे आणि त्यानेच त्यांना पैसे द्यायचे, अशी पद्धत होती. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी तेथील प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठीने नेमून दिले, त्यांचे मानधन एका सामाईक निधीतून ठरावीक दराने दिले आणि त्यांनी घेतलेल्या मोजमापांपैकी काही पुन्हा घेऊन पडताळली. जुन्या पद्धतीत आश्चर्यकारक संख्येने आकडे मर्यादेच्या अगदी किंचित खाली येत होते. नव्या पद्धतीत परीक्षक खरे आकडे लिहू लागले आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही प्रत्यक्षात घटले. कायदा तोच होता, अधिकारी तेच होते, यंत्रेही तीच होती. परीक्षकाला कोण नेमतो, पैसे कोण देतो आणि त्याचे काम कोण पडताळतो, एवढेच बदलले होते.

एक दुःखद बाजूही सांगितली पाहिजे. शिओली परगल आणि डेव्हिड व्हीलर यांनी इंडोनेशियातील कारखान्यांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की, ज्या कारखान्यांच्या परिसरातील लोक अधिक गरीब आणि कमी शिकलेले होते, ते इतर बाबतींत सारखे असूनही जास्त प्रदूषण करत होते. दबाव आणण्याची ताकद सर्वांना सारखी नसते. म्हणून शेजाऱ्यांच्या जागरूकतेवर सारा भार टाकून शासनाने बाजूला होणे हा अन्याय ठरतो. आपण आयुष्यभर वर्गात जे काम केले, त्याचा या प्रश्नाशी किती जवळचा संबंध आहे, हेही या अभ्यासातून दिसते.

प्रश्न : लहान कारखानदारांनी महागडी शुद्धीकरण यंत्रणा कशी उभारावी?

उत्तर : एकट्याने उभारू नये. सांडपाणी शुद्ध करण्यात मोठ्या प्रमाणाचा फायदा फार असतो. दुप्पट पाण्याला दुप्पट खर्च येत नाही. म्हणून एका वसाहतीतील लहान कारखान्यांनी सामाईक प्रक्रिया केंद्र चालवणे शहाणपणाचे असते. त्यात एक खबरदारी हवी. प्रत्येकाकडून केवळ पाण्याच्या घनमीटरवर पैसे घेतले, तर घट्ट, विषारी सांडपाणी सोडणाऱ्याचा खर्च शेजारी भरतो आणि केंद्रातील जिवाणूही मरतात. आकारणी प्रदूषणाच्या भारावर हवी, आणि जड धातूंसारखी द्रव्ये ज्याच्या त्याच्या दारातच वेगळी काढली पाहिजेत.

प्रश्न : ज्या देशात अजून गरिबी आहे, त्याने आधी उत्पादन वाढवून प्रदूषणाचे नंतर पाहावे, यात चूक काय?

उत्तर : यामागील कळकळ मला समजते. रोजगार नसलेल्या माणसाला स्वच्छ हवेची भाषा परकी वाटू शकते. परंतु या मांडणीत असे गृहीत धरलेले असते की, घाण नंतर काढता येते आणि ती काढण्याचा खर्च आधी रोखण्याच्या खर्चाएवढाच असतो.

ब्रिटन हा जगातील पहिला औद्योगिक देश होता आणि दीर्घकाळ सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक होता. तरीही डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुराचे धुके साचले आणि तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. स्वच्छ हवेचा कायदा त्यानंतर, १९५६ मध्ये आला. उलट हेट्टिगे आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष पाहिले, तर तीव्रता श्रीमंतीच्या एखाद्या उंबरठ्यावर अचानक घटत नाही. ती उत्पन्नाच्या प्रत्येक पायरीवर थोडी थोडी घटत जाते, आणि इंडोनेशियाने ‘प्रोपर’ सुरू केले तेव्हा तो देश श्रीमंत नव्हता. ज्या देशाला कारखाना नव्याने उभारायचा आहे, त्याला एक फायदाही मिळतो. स्वच्छ यंत्रणा आराखड्यातच बसवणे हे चालू कारखान्याला नंतर ठिगळ लावण्यापेक्षा स्वस्त पडते.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत तर ‘नंतर’ हा शब्दच लागू पडत नाही. तो वायू सोडणाऱ्याच्या शेजाऱ्याला खोकला येत नाही, त्यामुळे वर सांगितलेला शेजाऱ्यांचा दबाव तेथे तयार होत नाही, आणि त्याचा बराचसा भाग शतकानुशतके वातावरणात राहतो.

आणि काही नुकसान पैशाने भरून येत नाही. जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा समुद्रात जात होता, तेथून माशांत आणि माशांतून माणसांत. चेतासंस्था उद्ध्वस्त करणाऱ्या त्या आजाराची अधिकृत नोंद मे १९५६ मध्ये झाली. १९५९ च्या अखेरीस कारखान्याने गाजावाजा करून एक शुद्धीकरण यंत्र बसवले, पण पारा काढण्यासाठी ते बनवलेलेच नव्हते. पारा वापरणारी ती प्रक्रिया मे १९६८ मध्ये बंद झाली, आणि सरकारने आजाराचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. ही जपानच्या सर्वांत वेगवान आर्थिक वाढीची वर्षे होती, आणि पैसा नव्हता म्हणून पारा थांबला नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. देशभर संताप वाढल्यावर १९७० च्या संसदीय अधिवेशनात प्रदूषणविषयक १४ कायदे एकदम मंजूर झाले. मिनामाताच्या उपसागरातील पारायुक्त गाळ काढून त्यावर भराव घालण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले, सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हलवावा लागला आणि त्यावर ४८ अब्ज येनहून अधिक खर्च झाला. आईच्या पोटात असतानाच ज्यांच्या शरीरात तो पारा गेला, ती मुले आज वृद्धत्वाकडे झुकली आहेत आणि अजूनही उपचार घेत आहेत.